जुना ई-रीडर कोणाचा?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पाठ्यपुस्तकांची खरेदी-विक्री चालते. जुने पुस्तक नव्यापेक्षा बरेच स्वस्त मिळते. पहिल्या पानावर आधीच्या मालकाचे नाव असते. ते आपण खोडतो, त्याखाली आपले नाव घालतो, आणि पुस्तक आपले होते. पुस्तकाला या फेरबदलाचा पत्ताही नसतो. आधीच्या मुलाला त्यातला धडा जसा वाचता येत होता, तसाच तो आपल्यालाही येतो.

आता पुस्तकाऐवजी ई-रीडर घ्या. ई-रीडर म्हणजे मुख्यतः पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेले, लहान वहीएवढे यंत्र. अ‍ॅमेझॉन कंपनीचा किंडल २००७ साली अमेरिकेत विक्रीला आला आणि तेव्हापासून ही यंत्रे घरोघर दिसू लागली. शेकडो पुस्तके त्यात मावतात. पण नवे यंत्र महाग असते. म्हणून बरेच विद्यार्थी साठवलेल्या पैशांतून जुने यंत्र घेण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. चालू स्थितीतले यंत्र अडगळीत पडण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडावे, हे केव्हाही बरे.

समजा, नव्या यंत्राला दहा हजार रुपये पडतात आणि एक गृहस्थ तसेच यंत्र तुम्हांला तीन हजारांना देऊ करतात. यंत्र स्वच्छ आहे, पडद्यावर सुरेख चित्र आहे. घ्यावे का? कदाचित घ्यावे. पण ते यंत्र कोणाच्या तरी पिशवीतून रेल्वेत पडलेले किंवा घरातून चोरीला गेलेलेही असू शकेल. यंत्राकडे नुसते पाहून हे कळत नाही. मग कसे ओळखायचे? प्रयोगशाळेत आपण एखाद्या क्षाराची परीक्षा जशी पायरीपायरीने करतो, तशीच ही परीक्षा करता येते. फक्त कोणती कसोटी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ध्यानात ठेवायला हवे.

चित्र दिसते, पण यंत्र चालू आहे का?

पहिला फसवा पुरावा म्हणजे पडद्यावरचे चित्र. मोबाईलच्या पडद्यावर चित्र दिसत असेल, तर मोबाईल चालू आहे असे आपण खुशाल म्हणतो. ई-रीडरच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. असे का बरे?

ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात दोन प्रकारचे रंगीत कण असतात. पांढरे कण धन विद्युतभाराचे आणि काळे कण ऋण विद्युतभाराचे. कुपीच्या वरच्या बाजूस ऋण विद्युतदाब दिला की पांढरे धन कण वर ओढले जातात आणि काळे खाली जातात. तेवढा ठिपका पांढरा दिसतो. दाब उलट केला की काळे कण वर येतात आणि ठिपका काळा होतो. अशा लक्षावधी ठिपक्यांतून अक्षरे उमटतात. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत या शाईचे संशोधन झाले आणि १९९७ मध्ये ती तयार करणारी ई-इंक ही कंपनी स्थापन झाली.

यातली गंमत अशी की, कण एकदा जागेवर गेले की विद्युतदाब काढून घेतला तरी ते तेथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती पान बदलताना. पान नुसते दाखवत ठेवायला वीज लागत नाही. म्हणूनच ई-रीडर एकदा भारित केला की कित्येक दिवस चालतो. आणि म्हणूनच बंद करून ठेवलेल्या यंत्रावरही सुंदर चित्र दिसत राहते.

तेव्हा "बॅटरी उतरली आहे, पण चित्र दिसतेय ना, म्हणजे यंत्र ठीक आहे," असे कोणी म्हणाले तर हसून सांगावे, "आधी बॅटरी भारित करू, मग पाहू." यंत्र चालू करून दहा-बारा पाने उलटून पाहावीत. चालू न केलेल्या यंत्राची पुढची कोणतीच परीक्षा होऊ शकत नाही. बिनपरीक्षेचे यंत्र विकणाऱ्याला नेमकी हीच सबब सोयीची असते.

पहिले पान यंत्रात नसते

छापील पुस्तकातले मालकाचे नाव पुस्तकातच असते. पान फाडले की नाव गेले. ई-रीडरचे तसे नाही. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक अनुक्रमांक मिळतो. किंडलचा अनुक्रमांक सोळा अक्षरांचा आणि अंकांचा असतो. काही जुन्या नमुन्यांत तो पाठीवर छापलेला आहे, नव्यांत तो सेटिंग्जमध्ये यंत्राच्या माहितीखाली सापडतो. मालक यंत्र प्रथम चालू करतो, तेव्हा ते इंटरनेटवरून कंपनीशी जोडले जाते आणि 'अमुक क्रमांकाचे यंत्र अमक्या व्यक्तीच्या खात्यावर' अशी नोंद कंपनीच्या दूरवरच्या संगणकात होते. त्यापुढे विकत घेतलेली पुस्तके त्या नोंदीच्या आधाराने यंत्रात उतरतात.

म्हणजे मालकाचे नाव असलेले 'पहिले पान' हातातल्या यंत्रात नसून हजारो मैलांवरच्या नोंदवहीत आहे! यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यंत्रातली सर्व माहिती पुसून ते नव्यासारखे कोरे करता येते. याला 'फॅक्टरी रीसेट' म्हणतात. पण त्याने पुसली जाते ती यंत्राची स्मरणशक्ती. मालकाने 'माझे यंत्र हरवले' अशी तक्रार कंपनीकडे केली असेल आणि कंपनीने त्या अनुक्रमांकावर फुली मारली असेल, तर ती फुली यंत्र कितीही वेळा कोरे केले तरी जात नाही. असे यंत्र नव्या खात्यावर नोंदवायला गेले की नोंद नाकारली जाते आणि दुकानातून पुस्तक उतरवता येत नाही. तीन हजार रुपये देणाऱ्याला हे घरी गेल्यावर कळते.

ई-रीडरऐवजी टॅब्लेटवर वाचणारेही पुष्कळ आहेत. तेथेही हीच कल्पना वापरली आहे. अ‍ॅपलच्या यंत्रांत २०१३ पासून आणि अँड्रॉइडच्या यंत्रांत २०१५ च्या सुमारास अशी व्यवस्था आली की, मालकाने ती चालू ठेवली असेल तर यंत्र बळजबरीने कोरे केले तरी पुन्हा सुरू होताना ते आधीच्या मालकाची खूण मागते. ती दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

तेव्हा "सगळे पुसून दिले आहे, अगदी नवे," हे ऐकून निश्चिंत होऊ नये. कोरे यंत्र प्रामाणिक मालकही देतो आणि चोरही देतो.

क्रमांकाची बेरीज

आता क्रमांकांकडे वळू. ज्या टॅब्लेटमध्ये किंवा मोबाईलमध्ये सिमकार्ड बसते, त्याला पंधरा अंकी आय.एम.ई.आय. क्रमांक असतो. घरातल्या मोबाईलवर *#०६# असे दाबा, तो पडद्यावर येईल. त्यातील पहिले आठ अंक यंत्राचा नमुना सांगतात, पुढचे सहा अंक त्या नमुन्यातले नेमके यंत्र कोणते ते सांगतात, आणि पंधरावा अंक असतो पहारेकरी! त्याला तपासणी अंक म्हणतात. तो काढण्याची रीत आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून या अभियंत्याने शोधली. तिच्या पेटंटसाठी त्याने १९५४ मध्ये अर्ज केला आणि १९६० मध्ये ते त्याला मिळाले. बँकांच्या कार्डांवरील क्रमांकांतही हीच रीत वापरतात.

रीत सोपी आहे. समजा, पहिले चौदा अंक असे आहेत :

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ ० १ २ ३ ४

डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे अंक घ्या आणि त्यांची दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक मिळवून एक करा. २ चे ४, ४ चे ८, ६ चे १२ म्हणजे ३, ८ चे १६ म्हणजे ७, ० चे ०, २ चे ४, ४ चे ८. यांची बेरीज ३४. विषम स्थानांवरचे अंक आहेत तसे मिळवा : १, ३, ५, ७, ९, १, ३. बेरीज २९. एकूण ६३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ७० ला, किती कमी पडतात? ७. म्हणून पंधरावा अंक ७.

आता पहारेकऱ्याचे काम पाहा. लिहिताना सहाव्या जागी ६ ऐवजी ५ पडला, तर त्याची दुप्पट १०, म्हणजे १ धरायची. एकूण ६१ होते, त्यात ७ मिळवून ६८. दहाची पट नाही, म्हणजे चूक सापडली. तिसरा आणि चौथा अंक उलटसुलट झाले, ३४ चे ४३ झाले, तर? एकूण ६२, अधिक ७ म्हणजे ६९. ही चूकही सापडली. नुसती बेरीज केली असती तर ३४ आणि ४३ यांत फरकच पडला नसता. एकाआड एक अंकाची दुप्पट करण्याचे कारण हेच.

मात्र हा पहारेकरी एका ठिकाणी डुलकी घेतो. आपल्या क्रमांकातील नववा आणि दहावा अंक ९ आणि ० आहेत. त्यांची अदलाबदल करून पाहा. ० तसाच राहिला, ९ ची दुप्पट १८, म्हणजे ९. बेरीज तीच! ही एक अदलाबदल या रीतीला कळत नाही.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. वरचा क्रमांक कोठून आणला? एक, दोन, तीन, चार असे ओळीने अंक मांडून तो आपणच रचला. तरीही तो कसोटीला उतरला. म्हणजे ही कसोटी 'क्रमांक नीट लिहिला आहे का' एवढेच सांगते. तो खऱ्या यंत्राचा आहे की नाही, आणि यंत्र कोणाचे आहे, याविषयी ती मूक असते. तीच यंत्राच्या खरेपणाचा दाखला म्हणून दाखवणे म्हणजे तपमापीने वजन सांगण्यासारखे आहे.

तक्रार आहे का?

यापुढचा प्रश्न : या क्रमांकाच्या यंत्राबद्दल कोणी तक्रार केली आहे का? सिमकार्डाच्या यंत्रांसाठी भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने एक मध्यवर्ती नोंदवही केली आहे. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळाद्वारे ती देशभर खुली झाली. मोबाईल हरवला की मालक पोलिसांत तक्रार देतो आणि मग या ठिकाणी क्रमांक नोंदवून यंत्र बंद करण्याची विनंती करतो. त्यानंतर देशातील कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड घातले तरी ते यंत्र चालत नाही.

जुने यंत्र घेणाऱ्यालाही या नोंदवहीत डोकावता येते. मोबाईलच्या संदेशात रोमन अक्षरांत के, वाय, एम लिहायचे, एक जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक लिहायचा आणि तो १४४२२ वर पाठवायचा. यंत्र काळ्या यादीत आहे, त्याचा क्रमांक दुहेरी आहे किंवा तो आधीच वापरात आहे, असे उत्तर आले तर ते यंत्र घेऊ नये, असे दूरसंचार विभागच सांगतो.

परंतु बहुतेक ई-रीडर केवळ वाय-फायवर चालतात. त्यांत सिमकार्ड नाही, म्हणून आय.एम.ई.आय. नाही, आणि म्हणून या सरकारी नोंदवहीत त्यांना जागा नाही. त्यांची नोंदवही कंपनीची. तिची परीक्षा करण्याचा सरळ उपाय एकच : पैसे देण्यापूर्वी यंत्र इंटरनेटला जोडायचे आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या खात्यावर नोंदवून पाहायचे. नोंद झाली आणि एखादे विनामूल्य पुस्तक उतरले, तर निदान आजपर्यंत तरी फुली पडलेली नाही.

'आजपर्यंत तरी' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. समजा, यंत्र काल संध्याकाळी गाडीत राहिले आणि मालकाला ते अजून उमगलेच नाही. आज सकाळी तुम्ही परीक्षा केलीत तर उत्तर निर्दोष येईल. चार दिवसांनी मालक तक्रार करील आणि तुमच्या हातातले यंत्र बंद होईल. नोंदवहीला कोणी सांगितले तरच ती जाणते. तक्रार नसणे हा यंत्र चोरीचे नसल्याचा पुरावा नव्हे.

मालक कोण?

म्हणून तिसरा प्रश्न विचारायलाच हवा : विकणारा खरोखर मालक आहे का? आणि याची कसोटी सुदैवाने फार चांगली आहे. जे काम फक्त मालकालाच करता येते, ते त्याला करायला सांगायचे.

किंडल विकणाऱ्याला म्हणावे, "काका, तुमच्या मोबाईलवर तुमचे अ‍ॅमेझॉनचे खाते उघडून त्यातली यंत्रांची यादी दाखवता का?" यादीत हे यंत्र असेल. त्यापुढे दिसणारा अनुक्रमांक आणि हातातल्या यंत्राचा अनुक्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. मग त्यांनी त्याच यादीतून यंत्राची नोंद काढून टाकावी. यंत्र इंटरनेटला जोडलेले असेल तर थोड्या वेळात यंत्रावरचे त्यांचे नाव जाईल. यादी त्यांच्या खात्यात, यंत्र आपल्या समोर, आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे उमटला. मूळ मालकाच्या खात्याशी असा दुवा चोराला सहसा दाखवता येत नाही, कारण त्या खात्याचा गुप्तशब्द त्याच्यापाशी नसतो.

येथे एक बारकावा आहे. नोंद यंत्राच्या सेटिंग्जमधूनही काढता येते. यंत्राला मालकाने कुलूपशब्द लावलेला नसेल, तर ते ज्याच्या हाती पडेल तोही हे करू शकतो. म्हणून यंत्रावरून नोंद काढून दाखवली एवढ्यावर भागत नाही. खात्याची यादीच पाहावी. आधीच कोरे केलेले यंत्र घेऊन कोणी आले, तर हा दुवा तुटलेला असतो. अशा वेळी खरेदीची पावती मागावी. तीवर नाव कोणाचे आहे ते पाहावे आणि विकणाऱ्याच्या नावाशी ताडावे. पावतीही नाही, खातेही दाखवत नाहीत, आणि किंमत मात्र निम्म्याहून कमी. असे असेल तर नमस्कार करून परत यावे. प्रामाणिक माणसाला अशा चौकशीचा राग येण्याचे कारण नाही. फार तर त्याची पाच मिनिटे जातील.

सगळे जमले की एक साधी चिठ्ठी करावी. यंत्राचे नाव, अनुक्रमांक, किंमत, दिनांक, दोघांची नावे आणि सह्या. या व्यवहाराला आई-वडिलांपैकी कोणीतरी बरोबर असलेच पाहिजे. पैसे शेवटी द्यावेत.

कायदा काय म्हणतो?

"मी तर पैसे मोजले, मग यंत्र माझेच नाही का?" असे वाटणे साहजिक आहे. पण १९३० च्या माल-विक्री कायद्याचे मूळ तत्त्व असे की, विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क तो सर्वसाधारणपणे दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोराचा हक्क शून्य. शून्याला तीन हजारांनी गुणले तरी शून्यच! खरा मालक आला तर यंत्र त्याचे, आणि तुमचे पैसे तुम्हांला विकणाऱ्याकडून वसूल करावे लागतात. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणताना आपण काय काय विचारले होते, याला म्हणूनच महत्त्व येते.

सापडलेल्या वस्तूचेही तसेच. १८७२ च्या करार कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू ज्याला सापडली आणि ज्याने ती ताब्यात घेतली, त्याने ती दुसऱ्याची ठेव समजून सांभाळायची असते. बसमध्ये ई-रीडर सापडला तर तो कंडक्टरकडे किंवा पोलीस चौकीत द्यावा. त्याच्या आवरणात मालकाचा पत्ता आहे का ते पाहावे. बंद पडलेले यंत्र 'उघडून देतो' असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. त्या यंत्रात कोणाच्या तरी वाचनाच्या खुणा आणि टिपणे असतात. आपल्याला ते स्वस्तात मिळालेले यंत्र वाटते, पण त्याच वेळी दुसऱ्या घरी कोणीतरी ते शोधत असते.

करून पाहा

१. घरातल्या मोबाईलचा आय.एम.ई.आय. क्रमांक *#०६# दाबून मिळवा आणि पंधरावा अंक वरील रीतीने काढून ताडून पाहा. हा क्रमांक बाहेर कोणाला सांगत बसू नका.

२. सर्व अंकांची नुसती बेरीज करणारा एक तपासणी अंक तुम्ही स्वतः तयार करा. कोणत्या चुका त्याला सापडतात आणि कोणत्या सापडत नाहीत, याचा तक्ता करा.

३. घरात ई-रीडर, टॅब्लेट किंवा मोबाईल असेल, तर त्याचे अनुक्रमांक आजच एका वहीत लिहून पावतीबरोबर कपाटात ठेवा. यंत्र हरवल्यावर क्रमांक विचारला जातो, आणि तेव्हा तो पाहायला यंत्रच हाताशी नसते.

४. तुमचे जुने यंत्र कधी विकायचे झाले, तर खात्याच्या यादीतून त्याची नोंद आधी घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काढा. नाही तर ते यंत्र तुमच्याच खात्यावर राहील, आणि नवा वाचक एखादे पुस्तक घेईल तेव्हा त्याचे पैसे तुमच्या घरून जातील!